उंबऱ्याखालचा भोकाचा पैसा

दादा, तुझ्या पिंडाला कावळा शिवला. तास-दीड तास ताटकळत ठेवलंस सगळ्यांना, पण शिवला एकदाचा. माणसं सुटल्यासारखी उठली, पाण्यात हातपाय धुतले आणि जेवायला गेली. ज्या शब्दावर तो खाली उतरला, तो शब्द मी दिलेला होता. आणि तो खोटा होता रे.

तू जाऊन आज सोळा दिवस झाले. सोलापुरात, भवानी पेठेतल्या माझ्या खोलीत बसून हे लिहितोय. शेजारी मागांची खटखट चालू आहे, पंखा गरम वारा फेकतोय. उद्या सकाळच्या एस्टीनं मला टेंभुर्णीला यायचंय आणि या खेपेला स्टँडवर मोटरसायकल घेऊन तू नसणार. "गाडी लेट झाली व्हय रं?" असं विचारणारं कुणी नसणार. आयुष्यभर एक गोष्ट तुझ्यापुढं बोललो नाही. आता तू ऐकायला नाहीस म्हटल्यावर मला कंठ फुटलाय. असा मी शूर.

उजनीच्या पाण्यात आपलं जुनं गाव गेलं तेव्हा तू अकरा वर्षांचा, मी सहा. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की ते गाव वर येतं. भिंती कधीच विरघळल्या, राहिलीत ती दगडी जोती, मारुतीचा पार आणि आडाचं तोंड. आठ-दहा वर्षांमागं पुण्याकडची दोन माणसं कानाला हेडफोन लावून त्या गाळात जुनी नाणी शोधताना तुला दिसली, आणि तू मला फोन केलास, "बारक्या, जमिनीतला पैसा वळखणारी मशीन हाय म्हनं. तुला करता येती का?" मी चिंचोळीच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. मोटारी खोलण्यात जन्म गेला माझा. मोबाइलवर बघून बघून केली एक. वाइंडिंगची उरलेली तांब्याची तार, प्लास्टिकचा पाइप, जुन्या रेडिओचं खोकं आणि एक बॅटरी. खाली धातू आला की तिचा आवाज चढायचा, म्हणून तू तिचं नाव भुंगा ठेवलंस. ती मशीन मी का केली हे तू कधी विचारलं नाहीस. थोरल्यानं सांगितलं, धाकट्यानं केलं, एवढंच तुला वाटलं असणार.

मग दर उन्हाळ्यात रविवार धरून आपण दोघं गाळात. तू पुढं भुंगा घेऊन, मी मागं खुरपं घेऊन. काय काय घावलं तुला! कमळाचे पितळी वीस पैसे, चौकोनी पाच पैसे, बैलाचा नाल, म्हशीच्या गळ्यातली घंटा, किल्ली हरवलेलं कुलूप. पुण्याची माणसं मिळेल ते पिशवीत घालून न्यायची. तू तसलं केलं नाहीस. तू जोती ओळखायचास. "हे शिंप्याचं. हे सुताराचं. हितं त्यांची चूल हुती, हितं जातं." आणि जे ज्याच्या जोत्यावर सापडलं ते नव्या गावात त्याच्या घरी नेऊन द्यायचास, नारळ द्यावा तसं दोन हातांनी. शिंप्याच्या म्हातारीला तिच्या चुलीपाशी सापडलेले वीस पैसे दिलेस तेव्हा तिनं ते कपाळाला लावले आणि तुला विचारलं, "आनि तुज्या आईचा घावला का रं?"

"घावंल की," तू म्हणालास. "जातोय कुटं."

मी तुझ्या मागं उभा होतो. चप्पल घालायच्या निमित्तानं खाली वाकलो आणि तसाच वाकून राहिलो.

आईचा तो पैसा म्हणजे भोकाचा पैसा. इंग्रजांच्या वेळचा, तांबूस, मधोमध भोक. आजीनं आईला सासरी पाठवताना दिलेला. आपलं घर बांधलं तेव्हा उंबरा बसवताना आईनं हळद-कुंकू लावून तो खाली ठेवला होता. पुढं गाव उठलं. सगळ्यांनी दारं, तुळया, उंबरे काढून गाड्यांत भरले. आईनं तुला बजावलं होतं, "उंबरा निघाला की आदी पैसा उचल. नव्या उंबऱ्याखाली घालायचा हाय." अण्णांनी आणि सुतारानं पहार घातली, उंबरा हलला, आणि नेमका गाडीचा बैल बुजला. सगळ्यांबरोबर तूही तिकडं पळालास. घटकाभरच. परत येऊन बघतोस तर पैसा नाही. माती उकरलीस, पिठाच्या चाळणीनं चाळलीस. आईनं चारचौघांत तुझ्या कानाखाली लावली. "येक काम सांगितलं हुतं तुला! येक!"

दादा, पैसा मी घेतला होता.

चोरायचा म्हणून नाही रे. पाणी तेव्हा वढ्यापर्यंत येऊन थांबलं होतं आणि आपण पोरं दिवसभर त्याच्यावर भाकऱ्या काढत होतो. चपटा खडा फेकायचा, तो पाण्यावर टप्पे घेत जातो, जेवढे टप्पे तेवढ्या भाकऱ्या. तुझ्या सात निघायच्या. माझा खडा दोनावर बुडायचा आणि तू ओरडायचास, "बारक्याची भाकर करपली!" त्या दिवशी उंबरा निघाल्यावर हळदीतला तो पैसा मला दिसला, आणि माझ्या मनात एवढंच आलं की हा खड्यापेक्षा चपटा आहे. मुठीत धरून वढ्यावर गेलो. चिंचेखाली उभा राहिलो आणि फेकला. पाच निघाल्या. पाच! जन्मात माझ्या तेवढ्याच. तुला सांगायला धापा टाकत आलो तर तू गालावर हात धरून उभा होतास.

तोंड उघडलं होतं मी. आई माझ्याकडं वळली, "तू तर न्हाईस बघितला?" मी मान हलवली. सहा वर्षांचं पोर घाबरलं, इथपर्यंत मी स्वतःला सोडतो. पुढची अठ्ठेचाळीस वर्षं कोण घाबरत होतं?

कारण आईनं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. नव्या गावची जमीन खडकाळ निघाली, तर उंबऱ्याचा पैसा मागं राहिला म्हणून. बैल मेला, त्याच्यामुळं. अण्णा अकाली गेले, त्याच्यामुळंच. आणि तू ते खरं मानलंस. नववीत शाळा सोडून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेलास आणि मला आयटीआयला घातलंस. पहिल्या दिवशी तू मला एक टेस्टर आणून दिला होतास, पिवळ्या दांड्याचा. तो अजून माझ्या शर्टाच्या खिशात असतो. कारखान्यातली पोरं हसतात, म्हणतात काका, म्युझियमला द्या आता. मी हसतो त्यांच्याबरोबर. त्यांना काय सांगू, की जे शिक्षण तुझं व्हायचं ते मी खाल्लं आणि वर तुझ्या माथ्यावर माझी चूक ठेवून आलो.

आईचा शेवटचा आजार आठवतो का? तू चमच्यानं पेज पाजत होतास. तिनं मधेच तोंड फिरवलं आणि म्हणाली, "तेवढा पैसा नीट बघितला असतास तर." तू तिचं तोंड पुसलंस. म्हणालास, "व्हय आई, चुकलंच माजं." मी कॉटच्या दुसऱ्या अंगाला बसलो होतो. हात लांब केला असता तर तुझ्या खांद्याला लागला असता. त्या वेळी तरी बोलायचं! आई ऐकून मेली असती, तू सुटला असतास. मी उठून बाहेर गेलो आणि डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरची काही गरज नव्हती तेव्हा.

स्लॅबचं घर बांधलंस तेव्हा तर तू कमाल केलीस. उंबऱ्याची एक फरशी सिमेंट न लावता नुसती ठेवलीस आणि तिच्याखाली वाटीएवढा खड्डा. गवंडी बोंबलला, "आवं, डुगडुगंल की!" तू म्हणालास, "डुगडुगू दे. पैसा आला की बसवू." तेव्हापासून त्या घरात कुणी शिरलं की खट्ट वाजतं. वैनी किती वेळा ठेचकाळल्या, किती शिव्या घातल्या. मला मात्र ते खट्ट ऐकलं की वाटायचं, दारातच कुणीतरी मला अडवलंय.

मी काहीच केलं नाही असं नाही. केलं ते सगळं चोरट्यानं. एकदा सोलापूरच्या बाजारातून जुनी नाणी विकणाऱ्याकडून भोकाचा पैसा विकत घेतला. आपल्या जोत्यापाशी तू पाणी प्यायला वळलास तेव्हा पायानं गाळात दाबला. थोड्या वेळानं भुंगा किंचाळला. तू गुडघ्यावर बसलास, पैसा काढलास, धोतरानं पुसलास, आणि मी मनात म्हटलं, सुटलो. तू तो उन्हात धरून फिरवून फिरवून बघितलास. "ह्यो आपला नव्हं रं. आपल्याच्या कडंला खाच हुती. आईनं सांगितलेली." मग तू शेजारच्या जोत्याकडं बघितलंस, म्हणालास, "सुताराचा आसंल, वाहून हिकडं आला," आणि संध्याकाळी तो सुताराच्या घरी पोचता केलास. माझ्या खोटेपणाला ते लोक अजून देवघरात हळद-कुंकू वाहतात.

दुसरा उद्योग म्हणजे तुला वढ्याकडं न्यायचा. चिंचेचं झाड गेलं, पण बुंधा आहे अजून, काळा पडलेला. पाणी पार आटलं की उघडा पडतो, मेच्या शेवटाला. मी म्हणायचो, "दादा, आज जरा वढ्याच्या अंगाला बघू." तू खो खो हसायचास. "आईनं ठिवला उंबऱ्याखाली. त्यो वढ्याला कशाला जाईल? पैशाला पाय फुटत्यात व्हय?" मीही हसायचो. पाय फुटले होते दादा, माझेच. तू ज्या मातीत खुरपं घालत होतास तिथून चिंचेचा बुंधा मला सरळ दिसायचा. तुझ्या मागं उभा राहून दर उन्हाळ्यात मी तो बघितलाय. त्या पाण्यावरून सात भाकऱ्या काढणाऱ्या माणसाला मी तिथं कधी नेलं नाही.

आता आपल्या भांडणाचं. तेवढं तरी पुरं करायला हवं होतंस.

वैनींचा फोन आला होता, ऊन लई हाय, ह्यास्नी बीपी हाय, तुमी तरी सांगा. म्हणून त्या रविवारी गाळात तुला म्हटलं, पुरे कर. तू ऐकेनास. मी आवाज चढवला. माझं ते जुनंच, चूक माझी असली की ओरडायला आधी मी. म्हटलं, "आयुष्य घातलंस ह्या खड्ड्यात! कितीबी उकर, पैसा हितं न्हाईच!"

तू भुंगा बंद केलास. कानावरचा हेडफोन काढून गळ्यात घेतलास. शांतपणे विचारलंस, "तुला कसं म्हाईत?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. लांब एक होडी होती. तू, मी आणि आपल्या घराचं जोतं. याच्याहून चांगली जागा देवानं तरी कुठून आणून दिली असती? चार शब्द होते. तू मला मारलं नसतंस. फार तर म्हणाला असतास, "लेका, पाच निघाल्या व्हय?" मला खात्री आहे, तू आधी तेच विचारलं असतंस.

मी म्हटलं, "असंच."

तू माझ्याकडं नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलंस. तेवढ्यावर मी सोळा दिवस जगतोय. वाटतं, तुला कळलं असेल. मग आठवतं की पुढच्या रविवारीही तू उंबऱ्यापाशीच गेलास. कळलं असतं तर चिंचेकडं गेला असतास ना रे? त्या रविवारी मी आलो नाही. भांडण झालं होतं म्हणून मुद्दाम कारखान्यात जादा पाळी घेतली. दुपारी अडीचला गावाकडून फोन. मासे धरणाऱ्यांना तू जोत्याला टेकून बसलेला दिसलास, टोपी डोळ्यांवर ओढलेली. त्यांना वाटलं डुलकी लागली. जवळ गेले तर भुंगा चालूच होता. तो मी केलेला, माझ्या हातानं जोडलेला, तुझ्या मांडीवर गुणगुणत होता आणि तू नव्हतास.

तुला घरात आणलं तेव्हा फरशी खट्ट वाजली. एकामागून एक चौघांच्या पायाखाली चारदा. वैनींनी तिकडं बघितलं आणि मग त्यांनी हंबरडा फोडला.

दहाव्याला पाण्याच्या काठावर पिंड मांडला. समोरच्या बाभळीवर कावळे सात-आठ, पण एक खाली उतरेना. तुझ्या आवडीची भजी ठेवली, तंबाखूची पुडी ठेवली. तुझ्या जावयानं हात जोडून सांगितलं, मामा, आत्यास्नी आम्ही अंतर देणार नाही. कावळे मान वाकडी करून बघत राहिले. ऊन चढलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. भटजी दर्भाचा कावळा करायच्या विचारात होते. शेवटी शिंप्याचा थोरला माझ्याकडं वळला. "बारक्या, त्येचा जीव कशात हुता त्ये साऱ्या गावाला ठावं हाय. तू बोल की!"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी पुढं झालो, हात जोडले. आलं होतं रे ओठावर. "दादा, पैसा मी घेतला." एवढंच. स्टँडवर माझ्यासाठी थांबायचास तसा तू तिथं कुठंतरी थांबला होतास, तेवढंच ऐकायला. आणि माझ्या तोंडातून निघालं, "दादा, तुजा पैसा मी हुडकतो. घावला की तुज्या उंबऱ्याखाली बसवतो."

कावळा लगेच आला. पंख मिटायच्या आधी त्यानं भात उचलला.

"बगितलं का?" कुणीतरी म्हणालं. "भावाभावाचं आसं आस्तं." माझ्या पाठीवर हात पडले. तुला अजूनही माझं खोटं खपतं, दादा. मेल्यावरही तू माझ्यावर विश्वास ठेवलास. याच्यापेक्षा तू पिंड तसाच सोडून गेला असतास तर मला झोप तरी लागली असती.

आणि हे इथं संपत नाही. ज्या वैनी भुंग्याला सवत म्हणायच्या, त्यांनी तो पुसून ठेवलाय. बॅटरी चार्ज करून ठेवलीय. आज सकाळी त्यांचा फोन आला. रडून रडून घसा बसलाय, पण आवाजात काहीतरी उभारी होती, तुझ्यामागं पहिल्यांदाच. "भावजी, सबूद दिलाय तुमी. पाणी यायच्या आत हुडकू. मी येते खोरं घिऊन. त्येंचं तेवढं तरी करू द्या मला." मग म्हणाल्या, "कुटनं सुरू करायचं?"

मी म्हटलं, उद्या आल्यावर सांगतो.

उंबऱ्यापासून म्हणालो तर ती बाई उद्यापासून तू जिथं बसून गेलास तिथंच, त्याच उन्हात खोरं मारील. तू मारलंस तेवढी वर्षं मारील, आणि मी मागं खुरपं घेऊन उभा राहीन. चिंचेपासून म्हणालो, तर तिथं अठ्ठेचाळीस पावसाळ्यांचा गाळ बसलाय आणि भुंग्याला वीतभर खोलीपलीकडचं कळत नाही. पैसा मिळायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण निदान तो आहे तिथं तरी एकदा कुणीतरी शोधेल. बुंध्यावर पाणी चढायला आता फार दिवस नाहीत.

फक्त, चिंचेकडं बोट केलं की वैनी खोरं टेकवून माझ्याकडं बघणार. आणि विचारणार, "भावजी, तुमाला कसं म्हाईत?"

एस्टीत बसून मी उत्तर पाठ करत येईन. टेंभुर्णीपर्यंत नीट पाठ होईल, शब्द न् शब्द. पण दादा, तुझा हा भाऊ मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी खाली बघीन, आणि म्हणेन, असंच.